अमळनेरच्या बाई : गाणे, घर आणि कानबाईच्या वह्या

बोरीकाठ

नमस्कार. अमळनेरला गाणे शिकवणाऱ्या आमच्या बाई गेल्या महिन्यात निवर्तल्या. वय ऐंशीच्या पुढे होते, आजार फार लांबला नाही, आणि घरातली सगळी माणसे जवळ होती. या मंचावर खानदेशातले पुष्कळ सभासद आहेत आणि त्यांतले काहीजण बाईंकडे शिकलेले असणारच, म्हणून हा धागा काढत आहे. बाईंचे नाव मी येथे लिहिणार नाही. स्वतःच्या नावाचा गाजावाजा त्यांना कधी रुचला नाही आणि घरच्यांचीही तशीच इच्छा आहे. ज्यांनी त्यांच्या ओट्यावर चपला काढल्या आहेत, त्यांना नावाची गरज पडणार नाही.

धागा काढण्यामागे आणखी एक कारण आहे. शोकसभेत जे बोलले त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने ‘बाईंनी संसारासाठी गाण्याचा त्याग केला’ असे सांगितले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते ऐकून अस्वस्थ वाटले. ज्या घरात पहाटे साडेपाचला तंबोरा लागत असे आणि रात्रीचे जेवण वाढून झाल्यावरही एखादा मोठा विद्यार्थी भिंतीशी बसून आलाप करत असे, त्या घरात गाण्याचा त्याग नेमका केव्हा झाला, हे वक्त्यांनी सांगायला हवे होते. माझ्या मते बाईंनी संसार आणि गाणे यांपैकी काहीही सोडले नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणि पुष्कळदा एकाच वेळी केल्या, आणि त्यात त्यांचे जे कौशल्य होते त्याची नोंद ‘त्याग’ या शब्दाखाली पुसली जाते.

बाई मूळच्या धुळ्याच्या. लग्न होऊन अमळनेरला आल्या तेव्हा त्या विशारद झालेल्या होत्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची उतरंड आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि शेवटी अलंकार. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि १९३१ साली ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. लाहोरपासून निघालेली ही शिस्त बोरी नदीकाठच्या एका धाब्याच्या घरात कशी येऊन पोहोचली, याचा बाईंना अभिमान होता आणि नवीन विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात त्या हा इतिहास ऐकवीत असत.

त्यांचे यजमान गावातील एका गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद आणि मुले अशी मोठी पंगत होती. त्यानंतर बरीच वर्षे त्या घरातला किराणा बहुतांशी शिकवणीच्या पैशावर आला. हे त्यांनी स्वतः कोणाला सांगितले नाही. मला माझ्या आईकडून कळले.

शिकवण्याची त्यांची पद्धत सांगतो. प्रारंभिकच्या मुलांना त्या पेटीवर गायला देत नसत. पेटी कोपऱ्यात झाकलेली असे आणि तिचा उपयोग फक्त पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, दाखवण्यापुरता. मुलींसाठी बहुधा काळी चार किंवा काळी पाच. ती एकदा ऐकायची आणि मग तंबोऱ्याकडे तोंड करून बसायचे. पेटीच्या पट्ट्यांवर सूर आधीच ठरलेले असतात, तेथे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणे, निघत नाही, आणि मुलाला बोटाने सूर सापडला की कानाने शोधण्याचा त्याला आळस येतो, असे त्यांचे म्हणणे होते. आकाशवाणीनेही १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले होते, हे त्यांना ठाऊक होते. पण त्या बंदीचे समर्थन त्यांनी केले नाही. बंदी घालण्यापेक्षा उशिरा द्यावी, एवढेच त्यांचे मत.

भूप शिकवताना जे घडले ते अजून आठवते. मी आरोह-अवरोह म्हणून झाल्यावर मनाने थोडा विस्तार करू लागलो आणि धैवतावर जरा जास्त रेंगाळलो. बाई आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘धैवताकडे पाहुणा म्हणून जा, मुक्कामाला राहू नकोस. मुक्काम गंधाराकडे.’’ भूप आणि देसकार या दोन्ही रागांत मध्यम-निषाद वर्ज्य, दोहोंचे पाचही स्वर तेच. फरक आहे तो वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, गंधार की धैवत एवढ्याचा, आणि मग एक राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा होतो व दुसरा सकाळचा. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत आहे. मला ती त्या ओट्यावर समजली, आणि बाईंनी ती स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता ऐकून दुरुस्त केली होती.

आपल्या आठवणी येथे अवश्य लिहाव्यात. कौतुकच लिहिले पाहिजे असे नाही.

---

सुरत लाईन

बोरीकाठ, धागा वाचून फार बरे वाटले. मी धरणगावहून बाईंकडे येत असे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरने यायचे आणि परतीची गाडी चुकली तर बाईंच्याच घरी जेवायचे, असा क्रम होता. गाडी चुकण्याचे प्रमाण शेवभाजीच्या दिवशी वाढत असे, हे बाईंच्या लक्षात आले नसेल असे समजण्याइतके आम्ही भोळे नव्हतो.

मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. आमचा घोळका बहुधा उन्हाळी सत्राला जळगावला जात असे. जळगावचा मे महिना म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास आणि त्यात गळा कोरडा पडलेला. बाईंची त्या दिवसाची तयारी पाहण्यासारखी असे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली, कैरीचे पन्हे, आणि पिशवीत खडूचा एक तुकडा. खडू कशासाठी, असे मी पहिल्या वर्षी विचारले. उन्हाळ्यात लाकूड सुकते आणि तंबोऱ्याच्या खुंट्या सैल होऊन घसरतात, म्हणून खुंटी काढून तिला खडू चोळायचा आणि पुन्हा दाबून बसवायची. पावसाळ्यात तीच खुंटी फुगून अडकते, तेव्हा जोर लावायचा नाही. परीक्षा केंद्रावरचा तंबोरा कोणीही न सांगता बाईंनी असा दुरुस्त करून दिलेला मी पाहिला आहे. पंचम आणि जोड लावून झाली की खालच्या मण्यांनी त्या बारीक फरक भरून काढीत, आणि खर्जाची पितळी तार शेवटी. घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा केसभर सरकवला की तो खर्ज जो काही बोलू लागे, तो ऐकून परीक्षकच मान वर करून पाहत.

फीबद्दलही लिहिले पाहिजे. माझ्या वडिलांना दोन महिने फी देता आली नाही. बाईंनी विषय काढला नाही, पण मला वर्गानंतर लहान मुलांचे पलटे, म्हणजे स्वरांचे सराव, घ्यायला बसवले. मला वाटले, ही शिक्षा आहे. पुढे कळले की ज्यांची फी थकते त्या सगळ्यांना त्या हेच काम देतात, म्हणजे घेणाऱ्याला ओशाळे वाटत नाही आणि शिकवणाऱ्याचे शिकणेही पक्के होते.

दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यावर त्यांच्याकडे पालकांची रीघ लागली. त्या काळात मी माझ्या भाचीला घेऊन गेलो होतो. माझ्यासमोर एका गृहस्थांनी ‘दोन वर्षांत सगळ्या परीक्षा आटोपतील ना?’ असे विचारले. बाईंनी त्यांना चहा दिला, मुलीला सा लावायला सांगितला, ऐकला, आणि ‘हिचा सा लागायला सहा महिने द्या, गुणांचे नंतर पाहू’ असे सांगून त्यांना वाटेला लावले. मुलगी मात्र राहिली. तिने आजतागायत एकही परीक्षा दिलेली नाही आणि ती फार सुंदर गाते.

---

तिरकिट

मी गाणारा नाही, तबल्यावर असतो. बाईंकडे साथीला बसायचो, म्हणून शिष्य म्हणवून घेण्याचा अधिकार माझ्याकडे अर्धाच आहे.

बोरीकाठ यांनी ‘एकाच वेळी’ असे जे लिहिले आहे त्याला माझ्याकडे पुरावा आहे. चैत्रात त्यांच्याकडे कुरडया होत. गहू तीन दिवस भिजवलेले, वाटून चीक काढून रात्रभर निवत ठेवलेला, आणि पहाटे मागच्या अंगणात चुलीवर मोठे पातेले. उकळत्या पाण्यात चीक ओतताना दांडा एकसारखा फिरला नाही तर गाठी होतात, म्हणून दोन माणसे लागतात. मी साथीची तालीम म्हणून लवकर गेलो होतो आणि बाईंनी मला तबल्याऐवजी दांडा दिला.

मग म्हणाल्या, ‘एकताल म्हण. एका मात्रेला एक फेरा.’ बारा मात्रा, सहा विभाग. धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. सुरुवातीला चीक पातळ असतो, हात सहज फिरतो आणि लय नकळत वाढते; त्या लगेच ‘पळू नकोस’ म्हणत. नंतर चीक घट्ट होऊ लागला की दांडा जड होतो, खांदा भरून येतो आणि लय ओढली जाते. त्या वेळी बोलणे थांबवून त्या स्वतः बारीक आवाजात बडा ख्याल धरत आणि मला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावेच लागे. चौथ्या आणि दहाव्या मात्रेवरचे तिरकिट घाईत उरकण्याची माझी खोड त्या पातेल्यापाशी गेली, कारण तेथे घाई केली की गरम चीक हातावर उडतो. विलंबित लय सांभाळणे म्हणजे हात जड झाल्यावरही अंतर तेवढेच ठेवणे, हे मला कोणत्याही उस्तादाने इतके नीट समजावले नव्हते.

त्या सकाळी शंभरेक कुरडया झाल्या असतील. चिकाची वाटी तेल घालून मला पहिली मिळाली. घरातल्या मुलांना हा पक्षपात सहन झाला नाही, हेही नमूद करतो.

---

तटस्थ

वरील सर्व आठवणी आदराने वाचल्या. तरीही एक वेगळा मुद्दा मांडतो. कोणी राग मानू नये.

मी बाईंना एकदाच ऐकले आहे. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत, बोरीच्या पात्रात राहुट्या पडलेल्या असताना, एका घरगुती बैठकीत त्यांनी बागेश्री गायला होता. आम्ही जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सवाला जातो, देशभरातले नामवंत ऐकतो. त्या तुलनेने मी जबाबदारीने सांगतो की हा गळा ओट्यावर राहण्याचा नव्हता. बाईंच्या जागी त्याच तयारीचा एखादा पुरुष असता तर तो अलंकार झाला असता, पुण्या-मुंबईत राहिला असता, त्याच्या नावाने आज महोत्सव असता. कुरडया घालता घालता एकताल शिकवला ही गोष्ट गोड आहे खरी, पण त्या बाईला कुरडया घालाव्या लागल्या नसत्या तर तिने त्या तीन तासांत काय गायले असते, हा प्रश्न आपण का विचारत नाही? ‘दोन्ही केले’ असे म्हणून आपण सगळे, विशेषतः आपण पुरुष, फार लवकर मोकळे होतो. शोकसभेतला ‘त्याग’ हा शब्द भाबडा असेल, पण निदान त्यात काहीतरी गेले याची कबुली आहे.

---

थोरली सून

मी त्या घरातली थोरली सून. आम्ही त्यांना जिजी म्हणत असू, त्यामुळे येथेही तेच लिहीन. नातवाने हा धागा दाखवला आणि पुष्कळ विचार करून लिहायला बसले आहे.

प्रथम तटस्थ भाऊंना उत्तर देते, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न घरातही विचारला गेला आहे. जिजींचे नुकसान झाले नाही असे मी म्हणणार नाही. लग्नानंतर आठ-दहा वर्षे त्यांना रियाज करता आला नाही. त्यांच्या सासूबाईंना तंबोरा घरात नको होता. तो गोधड्यांच्या घडवंचीमागे उभा करून ठेवलेला असे आणि दिवाळीच्या साफसफाईला बाहेर निघे. विशारद झालेली मुलगी पंचविसाव्या वर्षी गप्प बसवली गेली, तर तिचा गळा पस्तिशीत पहिल्यासारखा राहत नाही. हे जिजी स्वतः बोलून दाखवत, आणि बोलताना त्यांच्या आवाजात अजिबात गोडवा नसे. तेव्हा भाऊ, तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे.

उरलेले अर्धे असे. गिरणी बंद झाली, घरात पैसा येईना, तेव्हा सासूबाईंनीच घडवंचीमागचा तंबोरा काढून दिला. त्या दिवसापासून घराचे वेळापत्रक गाण्याप्रमाणे बसवले गेले, आणि ते जिजींनी बसवले. पहाटेचा वर्ग असेल त्या दिवशी चहा माझे सासरे करत. एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये परीक्षा जवळ आल्या की जिजींच्या दोन्ही दिरांना भांडी घासावी लागत; शेजारच्या बायका हसत, आणि जिजी त्यांना हसू देत. सायंकाळी सात ते नऊ स्वयंपाकघरात कोणीही मिक्सर लावायचा नाही, हा नियम आजही आमच्याकडे आहे, जरी आता वर्ग नाही. ज्या बाईने सगळ्या घराला आपल्या तालावर चालवले तिला त्यागमूर्ती म्हणणे मला मुळीच पटत नाही.

आकाशवाणीचेही सांगते. जळगाव केंद्राची स्वरचाचणी त्या उत्तीर्ण झाल्या होत्या आणि काही वर्षे तेथे गायल्याही. मग त्यांनी जाणे थांबवले. लोक समजतात की घरच्यांनी थांबवले. मी त्या वेळी घरात होते. कोणी अडवले नव्हते, उलट माझे सासरे त्यांना गाडीवर बसवून देत. जिजींचे कारण निराळे होते. त्या म्हणाल्या, ‘तेथे मी गाते आणि घरी येते. येथे एखादे पोर वर्षभर बेसूर गाते आणि एके दिवशी त्याचा सा लागतो. मला ते ऐकण्याची चटक लागली आहे.’ हे खरे कारण होते की स्वतःच्या गळ्याबद्दलची खंत झाकणारे कारण होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दोन्ही असेल.

त्या सोप्या नव्हत्या. राग नाकावर असे. आवडते विद्यार्थी ठरलेले असत आणि ते आवडते आहेत हे त्या लपवत नसत. चिकाच्या वाटीवरून माझी मुले खरोखरच रुसली होती. माझा स्वतःचा सूर बरा नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सा लावायला सांगितला, ऐकला आणि अहिराणीत विचारले, ‘‘सूर कथा शे तुना?’’ (तुझा सूर कुठे आहे?) मी रडले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला वर्गाचा हिशेब, परीक्षांचे अर्ज आणि फीची वही सोपवली, आणि ती शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली. ज्याला जे येते ते त्याच्याकडे द्यायचे, यात त्यांना चूक होत नसे.

आता कानबाईबद्दल, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीबद्दल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सगळी भाऊबंदकी येते, सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून. घरातल्या पुरुष माणसांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मुठीने गहू मोजून रोटांसाठी काढायचे, ते मोजणे जिजींकडे. चौरंगावर नारळाची कानबाई मांडायची, नथ आणि दागिने घालायचे, आणि रात्रभर जागरण. एकदा मोजताना त्यांनी दोन मुठी जास्त घेतल्या. विचारले तर म्हणाल्या, ‘भुसावळचा आणि धरणगावचा आज इथेच आहेत.’ कुळाबाहेरच्यांचे गहू रोटात घेतले म्हणून मोठ्या सासऱ्यांनी कुरकूर केली, पण जिजींना पुढे जाऊन कोणी अडवले नाही. सुरत लाईन, तो धरणगावचा मुलगा बहुधा तुम्हीच.

त्या जागरणात म्हाताऱ्या बायका जी गाणी म्हणत ती जिजी दुसऱ्या दिवशी, सोमवारी विसर्जन झाल्यावर, आडव्या होण्याआधी वहीत उतरवून ठेवत. सूर, ताल आणि शब्द, तिन्ही. कानबाईची, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणतात ती गौराईची, भुलाबाईची. बहुतेक गाणी पाच स्वरांच्या आत फिरतात, तार षड्जाला क्वचितच शिवतात, आणि तरी दोन गावांच्या चालीत एका कोमल गंधाराचा फरक सापडतो, असे त्या उत्साहाने दाखवत. मला त्यातले फारसे कळत नसे. म्हणणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. वह्या मात्र लोखंडी पेटीत आहेत, शाळेच्या दोनशे पानी वह्या, काहींना वाळवी लागली आहे. त्यांचे काय करावे, हे येथे कोणी जाणते सांगेल का? जिजींचे स्मारक, पुतळा, पुरस्कार असे काही आम्हाला करायचे नाही. या वह्या वाचता आल्या तर पुरे.

---

तटस्थ

वहिनी, आपले उत्तर वाचून समाधान वाटले. घडवंचीमागच्या तंबोऱ्याची ती वर्षे कोणी तरी लिहिणे आवश्यक होते आणि ती आपण लिहिलीत. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण ‘त्याग’ हा शब्द मात्र मागे घेतो. ज्याच्याकडून हिसकावून घेतले जाते तो त्याग करत नसतो.

---

स्वरलिपी

वहिनी, वह्यांबद्दल थोडे लिहितो, कारण हेच माझे काम आहे.

सर्वप्रथम त्या वह्यांना ऊन दाखवू नका. वाळवी लागलेली वही उघडून झटकण्याचा मोह होतो, त्यात पाने तुटतात. लोखंडी पेटीतून काढून कोरड्या, हवेशीर खोलीत सुट्या ठेवा, आणि भ्रमणध्वनीने का होईना पण प्रत्येक पानाचे छायाचित्र आजच घ्या; खिडकीच्या उजेडात, दिव्याचा झोत न वापरता, पानाचे चारही कोपरे दिसतील असे. शब्द नंतर वाचता येतील. धोका आहे तो स्वरांच्या खालच्या-वरच्या खुणा पुसल्या जाण्याचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाईंनी कोणत्या पद्धतीने लिहिले आहे ते आधी ठरवावे लागेल. पलुस्करांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो मंद्र (खालच्या) सप्तकातला आणि डोक्यावर उभी रेघ असेल तर तार (वरच्या) सप्तकातला. भातखंडे यांच्या लिपीत डोक्यावरचे टिंब म्हणजे तार सप्तक. मंद्राचे टिंब खाली येते आणि डोक्यावरची उभी रेघ तीव्र मध्यमाची असते. म्हणजे एकच खूण दोन पद्धतींत एकमेकींच्या विरुद्ध अर्थाची. कोणी न पाहता संगणकावर उतरवून काढले तर मंद्रातली चाल तारात जाईल आणि छापून आल्यावर ती चूकच पुढच्या पिढीला खरी वाटेल. कोमल स्वराचेही तसेच : भातखंडे पद्धतीत खाली आडवी रेघ, पलुस्कर पद्धतीत पाय मोडल्यासारखी खूण.

ओळखण्याची सोपी रीत सांगतो, ज्यासाठी आपल्याला सूर कळण्याची गरज नाही. गाण्याच्या ओळीखाली तालाच्या खुणा असतील. समेच्या जागी फुलीसारखी × आणि ‘खाली’च्या, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेच्या, जागी शून्य असेल तर ती भातखंडे पद्धत. समेला १ हा आकडा आणि ‘खाली’ला + असेल तर पलुस्कर पद्धत. फीची वही इतकी वर्षे सांभाळली आहे, तर हे आपण नक्की पाहू शकाल.

---

थोरली सून

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. सुरुवातीच्या चार वह्यांत १ आणि + आहेत. पुढच्या वह्यांत × आणि शून्य आहे. मधल्या एका वहीत दोन्ही आहेत, आणि त्या पानांच्या समासात तांबड्या शाईने बारीक अक्षरात काही लिहिले आहे, ते मला लागत नाही. छायाचित्रे नातू घेत आहे.

---

तिरकिट

तांबडी शाई म्हणजे ठेका (तबल्यावर वाजणारे तालाचे बोल) बदललेला असणार. बाई केरवा असेल तर काही लिहीत नसत, दादरा किंवा दीपचंदी असेल तरच समासात नोंद करत. माझ्या साथीच्या वहीतही त्यांच्या हातचे तसेच आहे. कानबाईच्या गाण्यांत दोन ओळी एका ठेक्यात आणि धृपद दुसऱ्या ठेक्यात, असे बऱ्याचदा होते. त्या पानांची छायाचित्रे मला पाठवा, मी लावून देतो.

---

बोरीकाठ

स्वरलिपी आणि तिरकिट यांचे आभार. पलुस्कर पद्धतीच्या चार वह्या मी आणि सुरत लाईन उतरवून काढू. आम्ही दोघेही त्याच लिपीत शिकलो आहोत. उरलेल्यांसाठी भातखंडे लिपी वाचणारे आणि अहिराणी शब्द नीट कळणारे असे दोघे-तिघे हवे आहेत, शक्यतो धुळे-नंदुरबारकडचे, कारण बाईंच्या माहेरकडची गाणी त्यांत असावीत. ज्यांना जमेल त्यांनी येथेच कळवावे. आणि वहिनी, कोमल गंधाराच्या फरकाची जी दोन गावे बाई दाखवत, त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत ते सापडले तर तेवढे पान आधी पाठवावे.